दुकानदाराचा पैसा

बालमित्रांनो, नाणी कोण पाडतं? "सरकार!" असं तुम्ही एका सुरात म्हणाल. बरोबर आहे. पण एके काळी व्यापारीही नाणी पाडत, बरं का!

आपल्या मराठवाड्यातलीच गोष्ट घ्या. नांदेड-लातूरवर तेव्हा निजामाचं राज्य होतं. १८३० नंतरच्या काही वर्षांत पेस्तनजी मेहेरजी या पारशी सावकाराच्या पेढीला औरंगाबादला रुपये पाडायची परवानगी मिळाली. लोक त्या रुपयाला 'पेस्तनशाही' म्हणत. पुढे निजाम सरकारने पेढीचं कर्ज फेडलं नाही आणि पेढी बुडाली. पण ज्याच्या घरी पेस्तनशाही रुपया होता, त्याच्या हातात निदान चांदी तरी राहिली.

तांब्याचं तसं नसतं. इंग्लंडमध्ये १६४८ ते १६७२ या काळात सुट्ट्या पैशांची फार टंचाई होती. मग किराणावाले, खानावळवाले यांनी आपापल्या नावाचे तांब्या-पितळेचे छोटे बिल्ले काढले. एवढ्याशा बिल्ल्यात तांबं ते कितीसं? त्याला किंमत होती ती दुकानदाराच्या शब्दामुळे. परत नेलेला बिल्ला तो घेणार, हा विश्वास होता. दुकान बंद पडलं, की बिल्ला कवडीमोल! १७८७ साली वेल्समधल्या एका खाण कंपनीने तांब्याची पेनी काढली. तिच्यावर तर चक्क वचनच होतं: ही आणून देणाऱ्याला एक पेनी देऊ.

आता घरातली शंभराची नोट बघा. गव्हर्नरच्या सहीजवळ काय लिहिलंय? तेही वचनच!

मग सुट्टे नाहीत म्हणून दुकानदार रुपयाऐवजी गोळी देतो, ती कसली? तीच गोळी दुसऱ्या दिवशी नेऊन पेन्सिल मागून बघा. मिळेल का? नाही ना! म्हणजे गोळी हा पैसा नव्हे. नको असेल तर न घाबरता, पण नम्रपणे सांगा, "काका, माझा रुपया वहीत मांडून ठेवा, उद्या घेईन." वहीत मांडलेला रुपया हाही एक बिल्लाच की!

जाता जाता एक गणित. हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर, १९५० मध्ये निजामाच्या हाली रुपयाचा भाव असा होता: ७ हाली म्हणजे ६ भारतीय रुपये. राज्य गेलं, पण लोकांचा पैसा बुडाला नाही. समजा, पणजीच्या गाडग्यात ३५ हाली रुपये होते. तर तिला भारतीय रुपये किती मिळाले? सांगा बघू!