डॅकवर हजारो डॉलर घालण्याआधी

शनिवारी टेक्का मार्केटमधून मेथी-कढीपत्ता घेतला की माझी पावलं सवयीने सिम लिम टॉवरकडे वळतात. लिटिल इंडियातून चालत जेमतेम दहा मिनिटं. तिथे रेझिस्टर, कपॅसिटर अजून सुटे मिळतात. परवा तिथून पुढे एका मित्राकडे गेलो. त्याने चार हजार डॉलरचा नवा डॅक घेतला होता. "ऐक, तानपुरा कसा मोकळा झालाय!" खरंच, फरक मलाही जाणवला.

मग आम्ही दोन्ही यंत्रांची माहितीपत्रकं काढली. जुन्याचं आउटपुट २ व्होल्ट, नव्याचं २.५. म्हणजे नवा डॅक जवळजवळ २ डेसिबल मोठ्याने वाजत होता! आपल्या कानांना थोडा मोठा आवाज 'जास्त स्पष्ट' वाटतो. दोघांचा आवाज सारखा करून, कोणता चालू आहे ते न सांगता अदलाबदल केली. मित्राने दहापैकी पाच वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवूनही तेवढंच जमलं असतं.

डॅक म्हणजे आकड्यांचं विजेच्या दाबात रूपांतर करणारा भाग. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० आकडे असतात, प्रत्येक १६ बिटचा. जुनी पद्धत होती रेझिस्टरच्या शिडीची. तिला तराजू समजा. सर्वांत लहान वजन १ ग्रॅमचं, त्यापुढचं प्रत्येक दुप्पट, आणि सोळावं ३२,७६८ ग्रॅमचं. या मोठ्या वजनात ०.००३ टक्के चूक झाली, तरी १ ग्रॅमच्या वजनाला अर्थ उरत नाही. इतके जुळणारे रेझिस्टर बनवणं महाग होतं, आणि त्या काळी चांगल्या डॅकची किंमत खरोखरच रास्त होती.

यावरची युक्ती डेल्टा-सिग्मा. टोकियोत इनोसे आणि यासुदा यांनी ती १९६२ साली मांडली. सोळा वजनांऐवजी एकच वजन घ्या, पण ते सेकंदाला अठ्ठावीस लाख वेळा ठेवा-उचला आणि सरासरी बघा. एकच वजन असल्याने जुळवाजुळवीचा प्रश्नच संपला. उरलेली खरखर ऐकू न येणाऱ्या वरच्या पट्टीत ढकलायची आणि फिल्टरने गाळायची. हे सगळं आज नखाएवढ्या चिपमध्ये मावतं. आजच्या चिपमध्ये एकाऐवजी काही वजनं असतात, पण तत्त्व तेच.

"पण डिजिटल आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असतो ना?" हा प्रश्न तुम्हीही ऐकला असेल. नाही. नायक्विस्ट आणि शॅनन यांचं गणित सांगतं, की २२,०५० हर्ट्झच्या खालची प्रत्येक लहर त्या ४४,१०० आकड्यांतून पुन्हा उभी करता येते, आणि फिल्टरमधून बाहेर येते ती गुळगुळीत लहरच. तरुण कानांची मर्यादा साधारण २०,००० हर्ट्झ, आणि चाळिशी ओलांडलेल्या तुमच्या-माझ्या कानांची त्याहून बरीच कमी.

सगळे डॅक सारखे असतात असं मी म्हणत नाही. वाईट बनवलेला डॅक घुमतो, खरखरतो. पण 'पुरेसा चांगला' डॅक आज फार स्वस्तात मिळतो. त्यापुढची किंमत जाड ॲल्युमिनियमच्या खोक्याची आणि सुंदर शब्दांची. ताईत विकणाऱ्याला हसणारे आपण, इंजिनिअर मंडळी, इथे मात्र पुरावा न मागता कार्ड काढतो, याचं मला वाईट वाटतं.

पैसे घालायचेच असतील तर स्पीकरवर घाला. तिथले फरक मोजता येतात आणि ऐकूही येतात. एचडीबी फ्लॅटच्या गुळगुळीत भिंती आणि फरशीवर घुमणारा आवाज जाड गालिचा आणि पुस्तकांच्या कपाटाने सुधारतो.

आणि त्याआधी एक काम करा. पुण्याच्या किंवा सांगलीच्या घरी माळ्यावर बाबांनी रेकॉर्ड केलेल्या मैफलींच्या कॅसेट असतील. ती फीत दर पावसाळ्यात थोडी थोडी खराब होतेय. यंदा सुट्टीत जाल तेव्हा चांगल्या डेकवरून त्या उतरवून घ्या. डॅक पुढच्या वर्षी आणखी स्वस्तात मिळेल, पण त्या फितीवरून एकदा गेलेला सूर कोणताच डॅक परत आणणार नाही.