पाणलोटाच्या रेषेवर चालण्याआधी

टोलार खिंडीत उभं राहिलं की महाराष्ट्राच्या नद्यांची वाटणी पायाखाली असते. खिंडीतून खिरेश्वरच्या बाजूला उतरलेलं पाणी पुष्पावतीतून कुकडीत, मग घोड आणि भीमेतून कृष्णेत जातं. पलीकडे कोथळ्याच्या अंगाला पडलेलं पाणी मुळा, प्रवरा करत गोदावरी गाठतं. आंध्रच्या किनाऱ्यापर्यंतचा प्रवास दोघांनाही करायचाच असतो. शेजारच्या हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून कोसळणारं पाणी मात्र काळू नदीने उल्हासला मिळून अरबी समुद्रात लवकर पोहोचतं. एका डोंगराच्या अंगावर तीन खोरी!

इथून घाटमाथ्याने माळशेज, नाणेघाट, जीवधन, ढाकोबा, दुर्ग, आहुपे करत भीमाशंकरला जाता येतं. भटक्यांच्या भाषेत हा ‘रेंज ट्रेक’. पाच-सहा दिवसांची ही चाल सह्याद्रीतल्या सर्वांत सुंदर वाटांपैकी एक आहे, आणि तिची आखणी बहुतेक वेळा चुकीच्या टोकापासून सुरू होते. आधी किल्ले ठरतात, मग किलोमीटर मोजले जातात, आणि पाण्याचा विचार पिशवी भरताना होतो.

खरं तर पहिलं काम नकाशावर करायचं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे घ्यावेत. पूर्वेकडे वाहणारे ओढे एका रंगाने, पश्चिमेकडचे दुसऱ्या रंगाने गिरवावेत. दोन्हींच्या मधून, कुठल्याच ओढ्याला न शिवता जी रेषा निघते ती पाणलोटाची. या नकाशांवर समोच्च रेषा वीस-वीस मीटरच्या अंतराने असतात; पंधरा मीटरचा कातळटप्पा त्यांत सहज लपतो. म्हणून त्या रेषेवरून प्रत्यक्ष वाट जाते का, हे नकाशाला नाही, गावाला विचारायचं. आहुपे, घाटघर, दुर्गवाडी इथल्या महादेव कोळी मंडळींना गुरांच्या वाटा, मोडलेल्या वाटा आणि कुठल्या कड्याला आग्या मोहोळ आहे हे सगळं ठाऊक असतं. वाटाड्या योग्य मोबदला देऊन सोबत घ्यावा. भीमाशंकर आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही दोन्ही अभयारण्यं आहेत, त्यामुळे मुक्कामाआधी वनखात्याशी बोलणंही आलंच.

पण सगळ्यात मोठा प्रश्न पाण्याचाच. ओढा न ओलांडता चालायचं म्हणजे वाहत्या पाण्यापासून दूर राहायचं. घाटमाथ्यावर पाऊस धो धो पडतो, तरी तीव्र उतारामुळे आणि खालच्या कातळामुळे तो थांबत नाही. जुन्या लोकांनी ही गोष्ट ओळखली होती. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, त्याच घाटात प्रवाशांसाठी कातळात खोदलेली टाकीही आहेत. जीवधन आणि हरिश्चंद्रगडावरही टाकी आहेत. आजच्या चालीचे मुक्काम या टाक्यांवर आणि गावांवर बेतावेत, दिवसाचं अंतर त्यांच्यावरून ठरू द्यावं. टाक्यांतलं पाणी गाळून, उकळून प्यावं. उघड्या सड्यावरून जाणाऱ्या दिवशी माणशी चार लिटर पाणी सकाळीच भरून घ्यावं. पाठीवर चार किलो वजन वाढतं, ते धरूनच बाकीचं सामान कमी करावं. शिवाय प्रत्येक मुक्कामाहून देशावर उतरणारा गाडीरस्ता आणि एसटीची वेळ टिपून ठेवावी. पाय मुरगळला तर तोच उपयोगी पडतो.

हंगामाबद्दल मात्र तडजोड नको. पावसाळ्यात धुक्यामुळे कड्याची धार दिसत नाही, ऑक्टोबरात गवत कमरेएवढं असतं. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारी हाच काळ योग्य. पुढे वणवे सुरू होतात, झरे आटतात. ज्या खोऱ्यांच्या माथ्यावरून कृष्णा-गोदावरीला पाणी जातं, तिथल्या कित्येक वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. अशा वेळी दहा जणांचा गट गावात उतरला, की त्याचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी कुणाच्या तरी डोक्यावरच्या हंड्यातून येतं. जानेवारी संपल्यावर गटाने ही चाल काढू नये.