हिरड्यांचा हिशेब

दातांवर साचणाऱ्या कीटणातील जिवाणूंची विषद्रव्ये हिरड्यांना सूज आणतात. सूज टिकली, की शरीराचा प्रतिकारच हाड झिजविणाऱ्या पेशींना चेतवितो आणि जबड्याचे हाड खचू लागते. हे बहुधा न दुखता घडते. गेलेले हाड आपोआप भरून येत नाही. मिश्री-तंबाखूने हानी वाढते.

चाकणच्या कंत्राटी कामगाराला चिंचवडच्या विमा रुग्णालयात जावयाचे तर पाळी बुडते, म्हणून तो दुखेपर्यंत थांबतो. आज वाचलेली मजुरी उद्या दातांच्या रूपाने वसूल होते. कारखान्यांत यंत्रांची देखभाल बिघाडाआधी होते. मग कामगारांच्या वार्षिक तपासणीत रक्तदाबाबरोबर हिरड्याही पाहिल्या जाव्यात, आणि त्या वेळेचा पगार कापला जाऊ नये.