सगळ्यांचा श्वास 20

मधुमेहामुळे उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागलेल्या एका माणसाचा केअर प्लॅन दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने माझ्याकडे तपासायला दिला. अक्षर नेटकं, मथळे लाल शाईत, समास आखलेले, वर प्लॅस्टिकचं कव्हर. शारीरिक तपासणीच्या रकान्यात तिने लिहिलं होतं की दोन्ही पायांवर सूज नाही आणि दोन्ही पावलांची नाडी नीट लागते. त्या खाटेपाशी ती तीन दिवस होती. ड्रेसिंगचा ट्रे तिने लावला होता, ड्रेसिंग चालू असताना तो पाय तिनेच धरून ठेवला होता. लिहायला बसली तेव्हा मात्र तिच्यापुढे मागच्या बॅचच्या एका ताईची फाइल उघडी होती, आणि त्या जुन्या फाइलवर आमच्यापैकीच एका शिक्षिकेची सही होती. मी तिला रागावले नाही. ते पान काढून घेतलं आणि तिला पुन्हा त्याच खाटेपाशी पाठवलं.

नर्सिंगच्या मुलामुलींना द्यायच्या लेखी कामावरून वाद निघाला की मला ते पान आठवतं. वाद जुना आहे आणि समोरची बाजू कच्ची नाही, म्हणून ती आधी पुरती मांडते. बी.एस्सी. नर्सिंगच्या मुलीचा दिवस सकाळी वॉर्डात, दुपारी वर्गात जातो. मग केअर प्लॅन, केस स्टडी, केस प्रेझेंटेशन, ड्रग बुक, प्रोसिजर बुक, हेल्थ टॉकचे चार्ट, कम्युनिटी पोस्टिंगची फॅमिली फोल्डर. त्यावर इंग्रजी, समाजशास्त्र, मानसशास्त्र, आहारशास्त्र यांच्या असाइनमेंट वेगळ्या. सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलचे दिवे रात्री दोनपर्यंत चालू असतात. अशा वेळी कोणी जुनी फाइल उतरवली, कोणी पैसे देऊन लिहून घेतली, कोणी मोबाइलवर एआयकडून केअर प्लॅन काढला, तर बिघडलं कुठे? नर्स हातांनी घडते. शीर सापडली पाहिजे, कॅथेटर घालता आला पाहिजे. संयुक्त कुटुंबाचे फायदे-तोटे लिहून कोणाचा ताप उतरला आहे?

मी 23 वर्षं शिकवते आहे. यातली भाराची तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या 2021 च्या अभ्यासक्रमात क्लिनिकलचं एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात 80 तास. ते तास शिकण्यासाठी आहेत. पण वॉर्डात नर्स कमी असल्या की शिकाऊ मुली रिकाम्या जागा भरायला वापरल्या जातात. बेड लावणं, सॅम्पल पोचवणं, स्ट्रेचर ढकलणं यातच ते तास जातात आणि शिकायचं म्हणून जे उरतं ते रात्रीच्या वहीत ढकललं जातं. हा अन्याय आहे आणि तो शिकवणाऱ्यांनी थांबवला पाहिजे. पण भार जास्त आहे म्हणून खोटं लिहिलेलं चालेल, हे त्यातून निघत नाही.

आता 'हाताचं काम' या म्हणण्याकडे येते. ऐकायला ते सर्वांत खरं वाटतं आणि नुकसानही सर्वांत जास्त तेच करतं. गजबजलेल्या वॉर्डात टीपीआरचा चार्ट उघडून बघा. तापाचा रकाना थोडाफार बदलतो, नाडीचा त्याहून कमी, आणि श्वासाच्या रकान्यात ओळीने 20, 20, 20, 20. तीस खाटांवरची तीस माणसं एका लयीत श्वास घेत नाहीत. श्वास मोजायला यंत्र लागत नाही. एक पूर्ण मिनिट, हातात घड्याळ, आणि पेशंटच्या लक्षात येऊ न देता छातीकडे बघत उभं राहणं एवढंच लागतं. नेमकं ते मिनिट कोणाजवळ नसतं. पेशंट ढासळायला लागला की पुष्कळदा आधी बदलतो तो श्वासच. रक्तदाब अजून ठीक दिसतो, ताप नसतो, पेशंट 'बरं आहे' म्हणतो आणि श्वास 20 वरून 28 वर गेलेला असतो. त्या रात्री चार्टवर 20 लिहिणारी मुलगी दुष्ट नसते, बहुतेक वेळा आळशीही नसते. न बघता लिहिण्याचा चार वर्षांचा सराव तिच्या हातात मुरलेला असतो. तो सराव तिला फाइल उतरवताना झाला आणि त्यावर आम्ही सह्या केल्या.

म्हणून वही वेगळी आणि वॉर्ड वेगळा, ही फोडच चुकीची आहे. इनटेक-आउटपुट, औषधांचा चार्ट, ड्यूटी बदलतानाचा रिपोर्ट हे नर्सचं कामच आहे आणि ते सगळं लेखी आहे. रात्रपाळीची सिस्टर सकाळी घरी गेली की तिने रात्रभर जे पाहिलं त्यातलं वॉर्डात उरतं ते तिने लिहिलेलं तेवढंच. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने 1859 च्या 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये रुग्णाच्या निरीक्षणावर एक स्वतंत्र प्रकरण घातलं. रात्र चांगली गेली का, असं मोघम विचारू नये, किती तास झोप लागली आणि रात्रीच्या कोणत्या वेळी लागली ते विचारावं, असा तिचा आग्रह होता. केअर प्लॅनची सगळी मेहनत त्या एका आग्रहासाठी आहे.

पैसे देऊन फाइल लिहून घेण्याबद्दल मला अधिक कडक बोलायचं आहे. आमच्या पेशात सहीला वजन आहे. औषधाच्या चार्टवर सही केली म्हणजे हे औषध, एवढ्या मात्रेत, या वेळी, मी माझ्या हाताने दिलं. पुढच्या पाळीची सिस्टर ती सही बघून दुसरा डोस देते किंवा थांबवते. दुसऱ्याने लिहिलेल्या केस स्टडीवर स्वतःचं नाव घालणारी मुलगी पहिल्याच वर्षी शिकते की आपण न केलेल्या कामाखाली आपली सही चालते. 'बाकीच्या कोर्सेसमध्येही हेच चालतं' असं मला सांगतात. चालत असेल. बाकीच्या कोर्सेसच्या सहीवर पहाटे तीन वाजता कोणाचं इन्सुलिन अवलंबून नसतं.

नक्कल का होते याचं एक कारण मात्र मुली उघडपणे सांगत नाहीत, आणि ते मला सर्वांत जास्त टोचतं. ते कारण म्हणजे भाषा. मुलगी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेली, पुस्तकं इंग्रजी, पेपर इंग्रजी, फाइल इंग्रजी. पेशंट बोलतो मराठी, तेही वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी. तिने जे ऐकलं ते इंग्रजीत कसं मांडायचं हे तिला कोणी शिकवलेलं नसतं, मग जुन्या फाइलमधलं तयार वाक्य हा तिचा एकमेव आधार होतो. एकदा बायकांच्या वॉर्डात एक आजी सांगत होत्या, 'कळ येते गं, येते अन् जाते. ठणका नाही.' विद्यार्थिनीने लिहिलं, 'पेशंटला पेन आहे.' आजींनी अर्धं निदान हातात दिलं होतं. कळ म्हणजे उठून ओसरणारी वेदना, ठणका म्हणजे नाडीगत उडत राहणारी, मुरडा आतड्याला पीळ पडल्यासारखा, चमक क्षणभराची, उसण हालचाल केली की धरणारी, आग वेगळी, बोचणं वेगळं, मुंग्या वेगळ्या. वेदना कशी आहे हे विचारायला आमची इंग्रजी पुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात आणि आमच्या मुलींना घरीच मिळालेला हा शब्दांचा साठा आम्ही फाइलच्या दाराशी काढून ठेवायला लावतो.

केअर प्लॅनमधल्या 'सब्जेक्टिव्ह डेटा' या रकान्याचा अर्थच मुळी पेशंटने सांगितलेलं, त्याच्या शब्दांत. मग तो रकाना आधी मराठीत का भरू नये? देवनागरीत, अवतरणात, जसं ऐकलं तसं. त्याखाली इंग्रजी. पहिल्या सत्रात इंग्रजीला 40 तास आहेत. ते तास एका वॉर्डभर गोळा केलेल्या अशा वाक्यांवर खर्च झाले, तर चौथ्या वर्षापर्यंत या मुली डॉक्टरांशी फोनवर इंग्रजीत बोलताना अडखळणार नाहीत. आज त्या तासांत रजेचा अर्ज आणि सारांशलेखन होतं.

समाजशास्त्र आणि आहारशास्त्र निरुपयोगी आहेत, हा आक्षेप मी अनेक डॉक्टरांकडूनही ऐकला आहे. ज्या पद्धतीने ती असाइनमेंट दिली जाते ती पद्धत निरुपयोगी आहे, हे मी कबूल करते. विषयाचा त्यात दोष नाही. मराठवाड्यातल्या एका ऊसतोड करणाऱ्या बाईचं उदाहरण देते. रक्त फार कमी म्हणून दाखल झालेली. आहारशास्त्राच्या असाइनमेंटमध्ये बहुतेक मुलींनी तिला सफरचंद, डाळिंब, खजूर आणि बीट लिहून दिलं. एकीने मात्र तिच्या खाटेवर बसून आदल्या चोवीस तासांत काय काय पोटात गेलं ते विचारलं. पहाटे चारला कोरा चहा. दहाला फडात भाकरी आणि ठेचा, वर पुन्हा चहा. रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं. या मुलीने लिहिलं की जेवणाबरोबरचा चहा तासभर पुढे ढकला, कारण चहामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. पालेभाजीवर लिंबू पिळा. भाकरी बाजरीची करा. गूळ-शेंगदाणे फडात बरोबर न्या. यात बाजारातून वेगळं आणायचं जवळजवळ काही नव्हतं.

पण खरं काम पुढे होतं. डिस्चार्जच्या कागदावर पंधरा दिवसांनी दाखवायला या असं लिहिलं होतं, आणि टोळी आठवड्याने पश्चिम महाराष्ट्रात निघणार होती. मुकादमाकडून उचल घेतलेली. उचल मिळते ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती मागे राहिली तर अर्धा कोयता मोडतो आणि उचल अंगावर येते. ती पंधरा दिवसांनी येणं शक्यच नव्हतं. मुलीने हे समाजशास्त्राच्या असाइनमेंटमध्ये लिहिलं, वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना दाखवलं, त्या डॉक्टरांशी बोलल्या आणि लोहाच्या गोळ्या पुढच्या काही महिन्यांच्या दिल्या गेल्या. हे समाजशास्त्र आहे. पहिल्या सत्रात त्याला 60 तास दिलेले आहेत ते यासाठी.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये इतका पेटला की राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. शस्त्रक्रियेआधी कोणत्या ना कोणत्या नर्सने त्या बायकांना तयार केलं असणार. पाळीच्या दिवसांत फडात काय सोसावं लागतं, एक खाडा झाला तर काय कापलं जातं, हे ज्या नर्सने विद्यार्थिदशेत एकदा तरी स्वतः विचारून लिहिलं आहे, ती अशा बाईपाशी आल्यावर सहज पुढे सरकणार नाही. मला तसं मनापासून वाटतं.

एआयबद्दल फार बोलायची गरज मला वाटत नाही. 'मधुमेह, केअर प्लॅन' असं म्हटलं की ते नीटनेटकं उत्तर देतं, आमच्या कित्येक जुन्या फाइलींपेक्षा बरं देतं. पण ते उत्तर मधुमेहाचं असतं, त्या खाटेवरच्या माणसाचं नसतं. आयडा जीन ऑरलँडो या अमेरिकन परिचारिकेने 1961 च्या पुस्तकात एक गोष्ट ठामपणे मांडली. पेशंटकडे बघून नर्सला जे वाटतं ते खरं आहे का, हे तिने पेशंटलाच विचारून ताडून घेतलं पाहिजे. खाटेपाशी जाऊन ताडून घेतलेलं असेल, तर मुलीने व्याकरण कुठून दुरुस्त करून घेतलं याची मला फिकीर नाही.

आता शिक्षकांकडे वळते, कारण न वाचलेल्या फाइलींवर सह्या मीही केल्या आहेत. फाइल जाड झाली की आम्हाला काम झाल्यासारखं वाटतं. खाडाखोड दिसली की पूर्ण पान पुन्हा लिहायला लावतो. खाडाखोड तर बघितल्याची खूण आहे. आधी 84 लिहिलं, पुन्हा मोजलं, 96 निघालं. विद्यापीठाने ठरवलेली केअर प्लॅनची संख्या माझ्या हातात नाही, पण लांबी आहे, कव्हर आहे, तपासायची जागा आहे. गेल्या सहामाहीत मी माझ्या गटाला सांगितलं की दोन पानं पुरेत, कव्हर नको, लाल शाई नको, चूक झाली तर एक रेघ मारून पुढे लिहा. आणि स्टाफरूममध्ये फाइल स्वीकारणं बंद केलं. पान घेऊन आम्ही दोघी खाटेपाशी जायचो आणि मी पेशंटसमोर वाचायचे, त्याला कळेल अशा मराठीत. नक्कल तिथे दोन वाक्यंही टिकत नाही. एका गटाला यात तीन दुपारी गेल्या. तेवढा वेळ आमच्याकडे आहे. इंग्रजी, समाजशास्त्र, मानसशास्त्र, आहारशास्त्र शिकवणाऱ्यांनी एकत्र बसून एकच पेशंट घेतला, तर चार असाइनमेंटची एक होईल आणि मुली रात्री अकराला झोपतील. हे बसणं अजून होत नाही. त्यासाठी मी भांडते आहे.

पाय कापलेल्या त्या माणसाकडे परत पाठवलेली मुलगी दुसऱ्या दिवशी दीड पान घेऊन आली. कव्हर नव्हतं, दोन ठिकाणी खोडलेलं. डाव्या पावलाची नाडी लागते पण मंद, टाच कोरडी, एक भेग आहे, तिथे टोचलेलं त्याला कळत नाही. झोपेच्या रकान्यात लिहिलं होतं, 'झोपले होते, उठवलं नाही. संध्याकाळी विचारते.' त्याखाली वेगळ्या शाईत, वेळ 6.10 : 'रात्री दोन तास, बारा ते दोन. उजव्या पायाच्या अंगठ्यात आग होते म्हणून जाग येते. पाय नाही, हे माहीत आहे म्हणाले. कोणाला सांगितलं नव्हतं, वेडा म्हणतील म्हणून.'