गच्चीवरून जाणारा ड्रोन

लखनौच्या जुन्या चौक भागात घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी तेथील गच्च्यांवर पतंगांची चुरस रंगते. पतंग कोणाच्याही गच्चीवरून जातो. पण त्याला डोळे नसतात आणि स्मरणही नसते. आता त्याच आकाशात फिरणाऱ्या ड्रोनला मात्र दोन्ही असतात.

एप्रिल २०१५ मध्ये, जमाव पांगवण्यासाठी ड्रोनमधून मिरचीची पूड फवारली जाईल, असे लखनौ पोलिसांनी जाहीर केले. गाजावाजा झाला तो मिरचीचा. ड्रोन काय साठवून ठेवतो, हा प्रश्न मागेच राहिला. आज ड्रोन लग्नाच्या छायाचित्रकाराकडे आणि हौशी तरुणाकडेही असतो, म्हणून तो प्रश्न घरोघरचा झाला आहे.

हवेत स्थिर राहण्यासाठी ड्रोन उपग्रहांच्या साहाय्याने आपले स्थान सतत ठरवत असतो. वेळ, उंची आणि मार्ग यांची नोंद त्यात किंवा चालकाच्या मोबाइलमध्ये राहते. अनेकदा छायाचित्राच्या फाइलमध्येही अक्षांश-रेखांश दडलेले असतात. संपर्क तुटल्यास परतता यावे म्हणून उड्डाणाची जागाही नोंदवली जाते. हौशी माणसाच्या बाबतीत ही जागा बहुधा त्याचीच गच्ची! म्हणजे शेजाऱ्यांवर नजर टाकणारा स्वतःचाही पत्ता नकळत लिहून ठेवतो. ॲपला परवानगी दिली असेल, तर ही नोंद कंपनीकडेही जाऊ शकते.

विमानतळाजवळ भरकटलेला ड्रोन आणि त्याचा चालक शोधायचा, तर स्थानाची माहिती हवीच, हे म्हणणे रास्त आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी नोंदणी आणि हिरवे, पिवळे, लाल हवाई क्षेत्र ठरवले, तेही मुख्यतः सुरक्षिततेसाठी. परंतु सुरक्षिततेसाठी घेतलेली माहिती किती दिवस ठेवावी आणि कोणाला द्यावी, हा वेगळा प्रश्न आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. तरीही वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने, व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कामासाठी वापरलेली माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवली. हौसेखातर उडणारा ड्रोन नेमका याच फटीतून निसटू शकतो.

म्हणून निदान छायाचित्रातील स्थाननोंद विक्रीच्या वेळीच बंद असावी. उड्डाणाच्या नोंदी पुसण्याची मुदत ठरावी आणि त्यांविषयीची सूचना खोक्यावर ठळकपणे छापावी; लखनौत ती हिंदीत आणि उर्दूत असावी, बारीक अक्षरांतील इंग्रजीत नव्हे.