न सुटलेल्या गाडीचा हिशेब

‘आधी गाड्या द्या, आकडे मग मागा.’ एसटीने सरकारला नियमित आणि तपशीलवार माहिती द्यावी असा विषय निघाला की हे उत्तर ठरलेलं. माहिती देणं म्हणजे कारकुनी ओझं, हा त्यामागचा समज साफ चुकीचा आहे. वाहकाच्या यंत्रातून निघणारं प्रत्येक तिकीट टप्प्यासकट, सवलतीसकट आधीच नोंदलं जातं. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट लागतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास त्याआधीपासूनच मोफत आहे. या सवलतींचे पैसे महामंडळ सरकारकडे मागतं ते याच नोंदींवर. आजीबाईंच्या हातातलं शून्य रुपयांचं तिकीट म्हणजे महामंडळाचं येणं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: आकडे वर गेले की तोट्याची फेरी बंद होते आणि पहिला घाव वाडीवस्तीच्या गाडीवर पडतो. ही भीती खरी आहे, पण ती अर्धवट आकड्यांमुळे. भारमानच घ्या, म्हणजे गाडीतल्या भरलेल्या आसनांची टक्केवारी. चव्वेचाळीस आसनांची गाडी दिवसातून चार वेळा यायची. दोन फेऱ्या रद्द झाल्या, उरलेल्या दोन भरून गेल्या. भारमान शंभर टक्के! शाळा सुटल्यावर फाट्यावर ताटकळलेल्या मुली त्यात कुठेच नाहीत, कारण भारमान धावलेल्या गाडीचंच निघतं. पुढे लोक कंटाळून खासगी वडाप धरतात, भारमान घसरतं, आणि ‘प्रवासीच नाहीत’ म्हणून उरलेल्या फेऱ्याही जातात.

विधिमंडळापुढे वार्षिक अहवाल ठेवण्याची तरतूद १९५०च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यात आहेच, असंही सांगितलं जातं. आहे, पण वर्षाच्या बेरजेत संध्याकाळची एक गाडी शोधायची कुठे? अमेरिकेत १९७४च्या कायद्याने वाहतूक संस्थांच्या माहितीची सांगड केंद्राच्या अनुदानाशी घातली. धावलेले मैल, अपघात, बिघाड हे सारं संस्थावार सर्वांसाठी खुलं असतं, आणि लहान संस्थांना सोपा तक्ता भरायची मुभा असते.

आपल्याकडे दर महिन्याला आगारनिहाय, फेरीनिहाय तक्ता सक्तीचा हवा: नियोजित फेऱ्या किती, सुटल्या किती, रद्द किती आणि का. चालक नव्हता, गाडी नादुरुस्त होती, की ती प्रासंगिक करारावर लग्नाला गेली होती, हे स्पष्ट लिहावं. आणि तो तक्ता मंत्रालयात जाईल त्याच दिवशी स्थानकात, वेळापत्रकाच्या शेजारी लागावा.