कोंबडी आजारी, ताळेबंद ठणठणीत

अमेरिकेत अंडी महागली की दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, बर्ड फ्लू. दोन, मागणी आणि पुरवठा. दोन्ही उत्तरं खरी आहेत. पण दोन्ही एकत्र करूनही हिशोब जुळत नाही असं माझं म्हणणं आहे, आणि या शनिवारी मी तोच हिशोब मांडून बसलोय. ज्यांना अंड्यांत रस नाही (शाकाहारी मंडळी, तुम्हीसुद्धा) त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण गोष्ट शेवटी अंड्यांची नाहीच. भाव कोण ठरवतं, याची आहे.

तर आजची कंपनी आहे कॅल-मेन फूड्स. मिसिसिपी राज्यातली. फ्रेड अ‍ॅडम्स नावाच्या गृहस्थांनी १९५७ साली सुरू केलेला धंदा; १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातली एक आणि मेनमधली एक कंपनी त्यात मिसळली, म्हणून नाव कॅल-मेन. १९९६ पासून नॅसडॅकवर नोंदलेली. अमेरिकेतली सर्वांत मोठी अंडी उत्पादक. तिथे खपणाऱ्या कवचासकट अंड्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा या एका कंपनीचा. तरीही बहुतेकांनी नाव ऐकलेलं नसतं, कारण खोक्यावर दुकानाचं नाव असतं नाहीतर एग-लँड्स बेस्टसारख्या ब्रँडचं.

आता मला या कंपनीची एक गोष्ट मनापासून आवडते. तिचे वार्षिक अहवाल अतिशय स्वच्छ असतात. किती डझन विकले, सरासरी काय भाव मिळाला, डझनामागे खाद्याला किती सेंट गेले, सगळं लिहिलेलं. लपवाछपवी नाही. म्हणूनच मला राग कंपनीच्या खोटेपणाचा नाहीये. तो तिने खरं सांगूनही कुणी वाचत नाही याचा आहे.

हे आकडे बघा. कंपनीचं आर्थिक वर्ष मे महिन्याच्या शेवटाला संपतं. २०२२ च्या वर्षात तिने सुमारे १०८ कोटी डझन अंडी विकली, डझनाला सरासरी १.५८ डॉलर भावाने. निव्वळ नफा १३.३ कोटी डॉलर. पुढच्या, म्हणजे २०२३ च्या वर्षात विकली सुमारे ११५ कोटी डझन. भाव २.६२ डॉलर. निव्वळ नफा ७५.८ कोटी डॉलर.

माल वाढला सहा टक्के. नफा झाला पावणेसहा पट.

"पण खाद्य महागलं होतं ना? युक्रेनचं युद्ध, मका, सोयाबीन?" हो, महागलं. डझनामागे खाद्याचा खर्च साधारण ५७ सेंटवरून ६८ सेंटवर गेला. म्हणजे खाद्याने मागितले जेमतेम ११ सेंट आणि भाव वाढला १०४ सेंट. मजुरी, डिझेल, पुठ्ठ्याची खोकी, सगळं महागलं हे धरलं तरी शेवटी डझनामागे हातात उरलेला नफा १२ सेंटवरून ६६ सेंटवर गेला. भागाकार मी केलेला आहे, कुणीही करून पाहावा. खर्च वाढला म्हणून भाव वाढले, हा युक्तिवाद इथेच निकालात निघतो.

मग राहिला बर्ड फ्लू. २०२२ मध्ये अमेरिकेत चार कोटींहून अधिक अंडी देणाऱ्या कोंबड्या साथीत गेल्या, काही रोगाने आणि बहुतेक रोग पसरू नये म्हणून माराव्या लागल्या. भयंकर आकडा आहे. पण गंमत (गंमत म्हणवत नाही, तरी) अशी, की ज्या वर्षी हा ७५.८ कोटींचा नफा झाला त्या वर्षी कॅल-मेनच्या स्वतःच्या एकाही फार्मवर लागण झाली नव्हती. कोंबड्या गेल्या दुसऱ्यांच्या, भाव वाढला सगळ्यांचा. पुढे डिसेंबर २०२३ पासून कॅन्ससमध्ये आणि एप्रिल २०२४ मध्ये टेक्सासमधल्या फार्मवर त्यांनाही फटका बसला. टेक्सासमध्ये सुमारे १६ लाख कोंबड्या आणि सव्वातीन लाखांवर तलंगा माराव्या लागल्या. त्या वर्षाचा निव्वळ नफा? २७.८ कोटी डॉलर. आणि २०२५ च्या वर्षाचा? १२२ कोटी डॉलर. विक्री ४२६ कोटी.

आम्ही सॉफ्टवेअरवाले एखादी यंत्रणा तपासताना पहिला प्रश्न हा विचारतो, की बिघाड झाला तर त्याची किंमत कोणाला मोजावी लागते? ज्याच्या हातात दुरुस्ती आहे त्यालाच झळ बसत असेल तर दुरुस्ती लवकर होते. बिघाडाने त्याचा फायदाच होत असेल तर तो बिघाड वर्षानुवर्षं "तपासणी चालू आहे" या सदरात पडून राहतो. अंड्यांच्या धंद्यात नेमकं हे झालंय. ज्याचा कळप मारला जातो त्याला सरकार भरपाई देतं, करदात्यांच्या पैशातून. (ते योग्यच आहे. नाहीतर लोक रोग लपवतील.) ज्याचा कळप वाचतो त्याला बाजार बक्षीस देतो. आणि ज्याचे फार्म अनेक राज्यांत विखुरलेले आहेत त्याचा बहुतेक कळप बहुतेक वेळा वाचतो. एका फार्मवाल्या माणसाला साथ म्हणजे सर्वनाश. मोठ्या कंपनीला तीच साथ म्हणजे सरासरीत बरी.

आता अर्थशास्त्र शिकलेले मित्र म्हणणार, "अरे, अंड्यांची मागणी लवचीक नसते. पुरवठा थोडा घटला तरी भाव खूप वाढतो. पुस्तकातलं पहिलं उदाहरण आहे." मान्य. २०२२ च्या सुरुवातीला अमेरिकेत खाण्याची अंडी देणाऱ्या कोंबड्या ३२ कोटींच्या वर होत्या, २०२५ च्या वसंत ऋतूत त्या ३० कोटींच्या खाली गेल्या. दहा-बारा टक्के घट म्हणा. सरकारी आकड्यांप्रमाणे डझनभर मोठ्या अंड्यांचा किरकोळ भाव जानेवारी २०२२ मध्ये १.९३ डॉलर होता, मार्च २०२५ मध्ये ६.२३. तिपटीहून जास्त. वॉफल हाउसने फेब्रुवारी २०२५ मध्ये दर अंड्यामागे ५० सेंट जादा लावले होते ते आठवत असेल.

पण मित्रांनो, हे उदाहरण तुमच्या बाजूचं नाही, माझ्या बाजूचं आहे! ज्या वस्तूचा पुरवठा थोडा घटला की भाव तिप्पट होतो, त्या वस्तूत पुरवठा थोडा कमी ठेवणं हा जगातला सर्वांत किफायतशीर धंदा ठरतो. मेहनत नको, नवा शोध नको. नुसतं घाई न करणं पुरतं. तलंग अंड्यावर यायला साडेचार-पाच महिने लागतात. साथ २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, म्हणजे मार्च २०२५ पर्यंत तीन वर्षं झाली होती. साथ पुन्हा पुन्हा येत राहिली हे खरं. पण इतका नफा दिसत असताना इतक्या काळात कळप पूर्ववत होत नाही, तेव्हा "निसर्ग" या उत्तरावर माझं समाधान होत नाही.

आणि हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये शिकागोच्या फेडरल कोर्टात ज्युरीने निकाल दिला, की कॅल-मेन, रोझ एकर फार्म्स आणि अंडी उत्पादकांच्या दोन संघटनांनी मिळून पुरवठा आवळण्याचा कट केला होता. फिर्यादी कोण? क्राफ्ट, केलॉग, जनरल मिल्स आणि नेस्ले. म्हणजे काही गरीब बिचारे नव्हेत. आरोप काय? प्राणिकल्याणाच्या नावाखाली पिंजऱ्यातल्या जागेचे नियम करून कळप कमी करायचे आणि देशातला भाव चढावा म्हणून माल परदेशात पाठवायचा. नुकसान १.७७ कोटी डॉलर ठरलं, स्पर्धा कायद्याप्रमाणे त्याचे तिप्पट. प्रतिवादींना निकाल मान्य नव्हता. ही गोष्ट २००४ ते २००८ या काळातली आहे, हे स्पष्ट सांगतो. आत्ताच्या भाववाढीत कट झाला असं मी म्हणत नाही. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकी न्याय खात्याने कॅल-मेनकडे माहिती मागणारी नोटीस धाडली, पण नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे.

माझा मुद्दा याहून वाईट आहे. कटाची आता गरजच उरलेली नाही.

का, ते सांगतो. कॅल-मेनच्याच अहवालात लिहिलंय, की तिची बरीचशी साधी अंडी बाहेरच्या, "स्वतंत्र" घाऊक भावपत्रकाला बांधलेल्या दराने विकली जातात. हे भावपत्रक वर्षानुवर्षं अर्नर बॅरी नावाची संस्था काढत आली आहे (१८५८ पासूनची, आता नाव एक्स्पाना). अंड्यांचा फार मोठा भाग आधीच केलेल्या करारांनी विकला जातो, खुल्या बाजारात रोज सौदा होतो तो अगदी थोड्या मालाचा. साथीची बातमी आली की त्या थोड्या मालासाठी झुंबड उडते, भाव उसळतो, भावपत्रक तो टिपतं, आणि करारांतल्या कोट्यवधी डझनांना तोच भाव आपोआप लागतो. त्यात ज्यांच्या खर्चात एका सेंटचा फरक पडलेला नाही ती अंडीही आली. बादलीभर पाण्याचं तापमान मोजून अख्ख्या धरणाचं बिल लावण्यातला हा प्रकार. आणि विचारलं की सगळे हात वर! कंपनी म्हणते भाव बाजार ठरवतो. भावपत्रकवाले म्हणतात आम्ही फक्त टिपतो. दुकानदार म्हणतो माझा करार तसा आहे.

आपल्याकडे बघा. पुण्यात मुख्यालय असलेली एनईसीसी १९८२ पासून आहे, व्यंकटेश्वरा हॅचरीजच्या डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली. व्यापारी शेतकऱ्याला लुबाडतात म्हणून उत्पादकांनीच रोज, शहराप्रमाणे, शेकड्याचा भाव जाहीर करायला सुरुवात केली. त्या पद्धतीवरही टीका करता येते. पण निदान तिथे पाटी आहे. भाव चढला की अंडाभुर्जीच्या गाडीवाला नाव घेऊन शिव्या घालू शकतो. अमेरिकेत तेच काम होतं, फक्त त्याला "बाजार" म्हणतात आणि बाजाराचा पत्ता कुणालाच ठाऊक नसतो.

शेवटचा बचाव: "तोट्याची वर्षंही असतात हो! तेव्हा कोणी विचारत नाही." खरंय. २०१७ च्या वर्षात कॅल-मेनला ७.४ कोटी डॉलर तोटा झाला, २०२१ मध्ये नफा होता जेमतेम २१ लाख. मग चार वर्षांचा जमाखर्च करू. २०२२ ते २०२५ एकूण निव्वळ नफा सुमारे २३९ कोटी डॉलर. २०१७ चा तोटा या रकमेत बत्तीस वेळा बसतो. मंदीची भरपाई म्हणून किती घ्यायचं याला काही मर्यादा?

आणि या पैशाचं होतं काय? कंपनीचं धोरण आहे की नफ्याच्या तिमाहीत एक तृतीयांश नफा लाभांश म्हणून वाटायचा. पिंजरामुक्त फार्मवरही ती खर्च करते, नाही असं नाही. दुसऱ्यांचे फार्म विकत घेते. २०२४ मध्ये आयएसई अमेरिका ही कंपनी सुमारे ११ कोटी डॉलरना घेतली. पण दुसऱ्याची कोंबडी विकत घेतल्याने देशात एक कोंबडी वाढत नाही, फक्त मालक बदलतो, आणि विक्रेते आणखी कमी होतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये संचालक मंडळाने स्वतःचेच शेअर परत घेण्यासाठी ५० कोटी डॉलरपर्यंतची योजना मंजूर केली. त्याच महिन्यात अमेरिकी कृषी खात्याने अंड्यांचे भाव उतरावेत म्हणून १०० कोटी डॉलरची योजना जाहीर केली. त्यातले ५० कोटी कशासाठी? फार्मवरच्या रोगप्रतिबंधक उपायांसाठी. म्हणजे कंपनीचे ५० कोटी भागधारकांना, आणि धंदा सुरक्षित करायला जनतेचे ५० कोटी. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा आणि मग मला मुक्त बाजारावर व्याख्यान द्या.

पुढे २०२५ च्या मध्यापासून भाव उतरले, आणि सगळे विसरले. नेमकं तेव्हाच बोललं पाहिजे. माझ्या मागण्या साध्या आहेत. अमेरिकेत गाई-डुकरांच्या खरेदीचे भाव मोठ्या कंपन्यांनी सरकारला कळवणं १९९९ च्या कायद्याने सक्तीचं आहे. अंड्यांना तो कायदा लागू नाही. तो लावा. करारांचे भाव आणि प्रमाण उघड होऊ द्या, मग थोड्या मालावर अख्ख्या देशाचा भाव ठरणार नाही. दुसरं, सार्वजनिक पैशाने जैवसुरक्षा हवी असेल तर तेवढ्या काळात शेअरची परतखरेदी बंद. तिसरं, सर्वांत मोठ्या उत्पादकाला शेजारचे फार्म गिळू देण्याआधी स्पर्धा खात्याने दोनदा विचार करावा.

यातली एकही गोष्ट कंपनी आपणहून करणार नाही, आणि तिने करावी अशी अपेक्षाही नाही. तिचं काम नफा कमावणं आहे, ते ती उत्तम करते, आणि दर तिमाहीला प्रामाणिकपणे लिहूनही देते. वाचायचं काम आपलं. पुढच्या साथीला कोणी "काय करणार, बर्ड फ्लू आहे" म्हणालं की एकच प्रश्न विचारा: कोंबडी कोणाची मेली, आणि पैसे कोणाला मिळाले?

असो. भुर्जी थंड होतेय.